प्लॉट बुक करताय? आधी गॅझेट वाचा!

वेबसाइटवरचा ग्राफ वाकडला कामाचा, वणीला नाही. गावाकडच्या जमिनीत पगार गुंतवण्याआधी कोणते आकडे पाहायचे आणि कुठे?

पंचविशीत नोकरी, सत्ताविशीत कार आणि तिशी उलटायच्या आत एखादी 'प्रॉपर्टी'! आपल्या पिढीचा फंडा एकदम क्लिअर आहे. अडचण एकच. हिंजवडी किंवा खराडीतल्या वन बीएचकेचा आकडा ऐकला की सीटीसी एकदम बारीक वाटायला लागतो. मग नजर आपोआप गावाकडे वळते. तेवढ्यात मामांचा फोन येतो, "अरे राजा, तिकडं कबुतरखान्यात कायले पैसे टाकतं? राजूर रोडले प्लॉट आहे. एनए झालेला, रोड टच. दोन वर्षांत डबल होते पाय!"

मामा मनापासून बोलत असतात. त्यांना तुम्हाला फसवायचं नसतं. पण 'दोन वर्षांत डबल' हे वाक्य त्यांनी कुठल्या आकड्यावरून काढलं, एवढं विचारायला हरकत नाही. आणि आता तो आकडा ऑफिसच्या लंच ब्रेकमध्येही तपासता येतो.

राजूरचं उदाहरण मुद्दाम घेतलंय. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातलं हे गाव. वणीच्या पट्ट्यात नाव काढलं की कोळसा आणि चुन्याच्या भट्ट्या डोळ्यांसमोर येतात. 'राजूर कॉलरी' हे तर त्याचं रोजच्या बोलण्यातलं नावच. जनगणनेच्या भाषेत ते 'सेन्सस टाउन' आहे. म्हणजे कारभार शहराचा नाही, पण लोकसंख्या ५ हजारांच्या वर, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि कामावर असलेल्या पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेर. ही व्याख्या प्रॉपर्टीवाल्यासाठी महत्त्वाची आहे, कारण गावातला पैसा कापसावर कमी आणि खाण, वाहतूक, भट्टी, दुकान यांच्यावर जास्त चालतो, असं ती सांगते. खाणीचं बरं चाललं तर खोल्या भाड्यानं जातात, खाण थंडावली की कुलपं लागतात. मात्र ही आकडेवारी २०११ ची आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. दीड दशकापूर्वीच्या फोटोवरून लग्न जमवण्यासारखं आहे हे!

ग्राफ आहे, पण तुमच्या गावाचा नाही

पुण्या-मुंबईत घर घेणाऱ्याची चैन असते. पोर्टलवर एरिया टाकला की पाच वर्षांचा चढता ग्राफ हजर. नॅशनल हाउसिंग बँकेचा 'रेसिडेक्स' हा घरांच्या किमतींचा निर्देशांकही २००७ पासून आहे, आता ५० शहरांचा. त्यात नागपूर आहे, पण यवतमाळ नाही. मग राजूर कुठून असणार?

तिथे मग एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर किंवा जाहिरातीतल्या भावावर विसंबावं लागतं. पण जाहिरातीतला भाव म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. 'माझ्या प्लॉटचे पंधरा लाख' असं कोणीही टाइप करू शकतो, टायपिंगला स्टॅम्प ड्यूटी लागत नाही. खरा सौदा कितीला झाला ते कळतं ते रजिस्ट्रीवरून, आणि ही माहिती महाराष्ट्रात कुणालाही बघता येते. अनेकांना हेच माहीत नसतं.

सूची दोनची गंमत

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर 'ई-सर्च' आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि गट किंवा सर्व्हे नंबर टाका. कॅप्चा तीन-चारदा टाकावा लागला तरी हिंमत हरू नका. समोर येते 'सूची क्रमांक दोन', म्हणजे वकील ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात ती. दस्त कोणता, क्षेत्रफळ किती, तारीख कोणती आणि दोन महत्त्वाचे रकाने, 'मोबदला' आणि 'बाजारभाव'. मोबदला म्हणजे कागदावर दिलेले पैसे. बाजारभाव म्हणजे सरकारच्या दर तक्त्याप्रमाणे येणारी किंमत, ज्याला आपण 'रेडी रेकनर' म्हणतो.

आता हे दोन रकाने शेजारी ठेवून बघा. गटातल्या सगळ्या दस्तांत मोबदला आणि बाजारभाव जवळपास रुपयाला रुपया जुळत असेल, तर समजा की हा बाजाराचा भाव नाही, हा स्टॅम्प ड्यूटी वाचवण्याचा भाव आहे. उरलेला व्यवहार पिशवीतून झाला असण्याची शक्यता आहे. मोबदला रेकनरपेक्षा ठळकपणे जास्त असेल, तर तिथे पांढऱ्या पैशाचे, बहुधा बँकेच्या कर्जावरचे सौदे होताहेत. अशा ठिकाणी तुमचं कर्जही सहज मंजूर होईल आणि उद्या विकतानाही गिऱ्हाईक कर्ज काढून येईल. मला विचाराल तर भावाच्या आकड्यापेक्षा ही फटच जास्त बोलकी आहे.

एक छोटी पण नेहमीची चूक. रेकनरचा दर चौरस मीटरला असतो आणि मामा बोलतात चौरस फुटात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. समजा तक्त्यात १,५०० रुपये दिसले, तर ते फुटाला १३९ रुपये होतात. '१,५०० चा सरकारी रेट आहे आणि तुला ४०० ने देतोय' असं कुणी म्हणालं, तर हसून कॅल्क्युलेटर काढा.

शिवाय रेकनर म्हणजे बाजाराची नाडी नव्हे, तो सरकारनं ठरवलेला दर आहे. २०१६ पासून तो १ एप्रिलला बदलतो, पण बदलतोच असं नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षं तो जैसे थे ठेवला होता आणि १ एप्रिल २०२५ ला राज्यात सरासरी चार टक्क्यांच्या आसपास वाढला. 'सरकारनेच रेट वाढवला' म्हणून जमीन महागली असं त्यातून सिद्ध होत नाही.

दस्तांच्या संख्येकडे पण बघा. तारखेतही घोळ असतो. सही झाल्यापासून नोंदणीला चार महिन्यांची मुदत मिळते, त्यामुळे आकडा नेहमी थोडा मागचा असतो. २०२० चा डिसेंबर आठवा. स्टॅम्प ड्यूटी पाचावरून दोन टक्क्यांवर आणली होती आणि सवलत ३१ डिसेंबरला कमी होणार होती. नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या, त्या एका महिन्यात मुंबईत १९ हजारांवर नोंदण्या झाल्या. बाजार अचानक पेटला नव्हता, सूट संपत होती. नुसता ग्राफ बघणाऱ्याला हे कसं कळणार?

सरासरी नावाची फसवणूक

छोट्या गावात आणखी एक गोची होते. वाकडमध्ये एका वर्षात शेकडो सौदे, राजूरसारख्या ठिकाणी तुमच्या गटात आठ-नऊ. समजा नऊ दस्त सापडले. सात जणांनी फुटाला २८० रुपये मोजले आणि दोघांनी ७००. सरासरी येते ३७३. एजंट म्हणेल, 'मार्केट ३७३ चं आहे, तुम्हाला ३५० ला देतो.' आणि तुम्ही खुशीत टोकन द्याल. प्रत्यक्षात नऊपैकी सात जणांना तोच माल २८० ला मिळालाय! म्हणून सरासरी सोडा, दस्त उतरत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा बघा. मग त्या दोन ७०० वाल्यांच्या मागे लागा. कॉर्नरचा प्लॉट होता का? रस्त्यावरचा गाळा होता का? की घेणारा-देणारा एकाच आडनावाचा होता?

कोळशाच्या पट्ट्यात हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. आणि इथूनच वणी-राजूर हे वाकडपेक्षा वेगळं गणित होतं.

जमिनीच्या भावात नोकरी मिसळलेली असते

वणी तालुक्यात उकणी, निलजई, कोलारपिंपरी अशा खाणी आहेत. त्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे कोल इंडियाच्या नागपुरात मुख्यालय असलेल्या उपकंपनीच्या. कोळशासाठी जमीन घ्यायला १९५७ चा वेगळा केंद्रीय कायदा आहे, 'कोल बेअरिंग एरियाज अ‍ॅक्ट'. त्याची पायरी-पायरीने अधिसूचना निघते. कलम ४ म्हणजे 'इथे कोळसा आहे का ते शोधणार'. ही सूचना दोन वर्षं चालते, गरज पडली तर आणखी एक. कलम ७ म्हणजे 'घेण्याचा इरादा आहे', त्यावर ३० दिवसांत हरकत घेता येते. कलम ९ ची घोषणा झाली की जमीन सरकारजमा व्हायला वेळ लागत नाही. हे सगळं भारताच्या राजपत्रात छापलं जातं आणि ई-गॅझेटच्या साइटवर फुकट वाचता येतं. गावांची नावं असतात, बऱ्याचदा प्लॉट नंबरसुद्धा.

आता भावाचं बघा. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात साधारण दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. त्यामुळे या पट्ट्यात शेताच्या किमतीत नुसती माती नसते, मुलाच्या नोकरीची आशाही असते. दोन एकर विकणारा शेतकरी तो भाव मागतो तेव्हा त्याचं बरोबरच असतं. पण तुमच्या पंधराशे फुटांच्या प्लॉटला नोकरी लागत नाही! शेजारच्या शेताचा एकरी भाव भागून प्लॉटचा दर काढणारा माणूस तुम्हाला दुसऱ्याच वस्तूची किंमत सांगतोय.

नुकसानभरपाईही याच सूची दोनवरून ठरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याची मोबदल्याची पद्धत २०१५ पासून कोळशाच्या कायद्यालाही लागू झाली. त्यात आधीच्या तीन वर्षांतले दस्त घेतात आणि त्यातल्या जास्त किमतीच्या निम्म्या दस्तांची सरासरी काढतात. मग ज्यांना संपादनाची कुणकुण आधी लागते, त्यांना दोन-चार फुगवलेले दस्त करून ठेवण्याचा मोह होणार की नाही? न पटणारे दस्त बाजूला ठेवण्याचा अधिकार कायद्याने अधिकाऱ्याला दिलाय तो म्हणूनच. तुम्ही मात्र तोच फुगलेला आकडा 'मार्केट रेट' म्हणून वाचाल. अधिसूचनेतली जमीन घेणं म्हणजे प्लॉट घेणं नव्हे, नुकसानभरपाईची फाइल विकत घेणं आहे. काही जण मुद्दाम तो धंदा करतात. पगारातून हप्ता भरणाऱ्याने त्यात पडू नये, हे माझं स्पष्ट मत.

वरचा भाव, खालची पोकळी

२६ ऑगस्ट २०२२. वणीहून वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातलं घुग्घूस लागतं. तिथल्या अमराई वॉर्डातलं एक घर त्या संध्याकाळी काही क्षणांत जमिनीत गडप झालं. घरातले वेळेत बाहेर पडले म्हणून वाचले. खाली ब्रिटिश काळातली जुनी, बंद पडलेली भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या शंभराहून जास्त कुटुंबांना घरं सोडावी लागली. त्या घरांना टॅक्स पावती असेल, लाइटबिल असेल. पण कोणत्याही पोर्टलच्या ग्राफवर 'खाली काय आहे' असा रकाना नसतो.

कोळशाच्या गावात पहिला शोध म्हणूनच भावाचा नको, पायाखालचा हवा. कसा? कोळसा कंपनी केंद्र सरकारची, त्यामुळे माहितीच्या अधिकाराचा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येतो, फी १० रुपये. एकच साधा प्रश्न विचारायचा: अमुक गावातला अमुक सर्व्हे नंबर चालू किंवा बंद भूमिगत खाणीच्या कामावर येतो का, आणि लीजच्या हद्दीत आहे का? ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. विकणारा म्हणाला की 'एवढं थांबता येणार नाही, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे', तर त्या गिऱ्हाइकाला शुभेच्छा द्या.

वाट बघताना गूगल अर्थ उघडा. डेस्कटॉपवर जुन्या तारखांची उपग्रह छायाचित्रं बघता येतात. महाभूनकाशावरून गटाचा आकार बघून घ्या आणि तोच तुकडा वर्षावर्षाने मागे नेत बघा. खाणीची कड किती सरकली, मातीचे डोंगर कोणत्या दिशेला वाढले, कोळशाचे ट्रक कुठून जातात, ढिगाऱ्यामुळे नाला वळला का. 'खाण लांब आहे हो' या वाक्याचं वय त्यातून कळतं. दहा वर्षांपूर्वी लांब असलेली आता अर्ध्या किलोमीटरवर आलेली असू शकते. ब्लास्टिंगने भिंतीला पडणाऱ्या भेगा आणि गच्चीवरची काळी धूळ मात्र उपग्रहातून दिसत नाही, त्यासाठी एसटीचं तिकीट काढून जावंच लागेल.

सातबारा नुसता बघू नका, वाचा

डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. बहुतेक जण त्यात मालकाचं नाव बघून खूश होतात. नावाच्या वर बघा, 'भोगवटादार वर्ग-१' की 'वर्ग-२'? वर्ग-२ असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री नाही. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा, कुळ, वाट्याचं भांडण सगळं बसलेलं असतं. 'आपली चावडी'वर फेरफाराच्या ताज्या नोटिसा दिसतात. तुम्हाला दाखवलेला प्लॉट गेल्याच आठवड्यात दुसऱ्याच्या नावावर जायला निघालेला असू शकतो.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोष्ट विसरू नका. इथे गोंड, कोलाम अशा आदिवासी समाजांची मोठी वस्ती आहे आणि शेजारच्या मारेगाव, केळापूरसारख्या तालुक्यांतली गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ नुसार परवानगीशिवाय घेता येत नाही. 'स्वस्तात मिळतेय' याचं कारण कधी कधी एवढंच असतं. ज्याची जमीन आहे त्याचं संरक्षण म्हणून हा कायदा आहे. त्याला वळसा घालायची आयडिया देणारा एजंट तुमचा मित्र नाही आणि त्या शेतकऱ्याचाही नाही.

तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन घ्यायलाही अडसर आहे, विदर्भासाठी तो १९५८ च्या कुळकायद्यात आहे. म्हणून 'एनए होऊन जाईल' या भविष्यकाळाला भुलू नका. अकृषक आदेश आणि मंजूर ले-आउटचा नकाशा, दोन्ही हातात हवेत. तुकडेबंदीच्या नियमांत २०२५ मध्ये बदल झालेत, तेव्हा मामांच्या काळातलं ज्ञान एकदा वकिलाकडून अपडेट करून घ्या. आणि महारेरा? ती नुसती फ्लॅटसाठी नाही. ठराविक मर्यादेपेक्षा मोठ्या प्लॉटच्या ले-आउटलाही नोंदणी लागते. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. माहितीपत्रकावर तो नसेल तर तिथेच थांबा.

आता करा हिशेब

एवढं सगळं पार पडलं, तर 'डबल'चं बघू. समजा प्लॉट १२ लाखांना घेतला आणि दहा वर्षांनी २० ला विकला. आठ लाख फायदा, पार्टी पाहिजे! पण वर्षाला हा परतावा पडतो ५.२ टक्के. खरेदीच्या वेळचं मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, कुंपण असे ७५ हजार धरले तर ४.६. वर २३ जुलै २०२४ नंतर घेतलेल्या जमिनीवर महागाईची सूट नाही, दीर्घ मुदतीच्या नफ्यावर सरळ साडेबारा टक्के कर. २०२० ते २०२५ या काळात पीपीएफने कंटाळवाण्या शांततेत ७.१ टक्के दिले, तेही करमुक्त.

आणि प्लॉट भाडं देत नाही. शहरातला ६० लाखांचा फ्लॉप वाटणारा फ्लॅट १५ हजार भाडं देत असेल, तर निदान वर्षाला तीन टक्के हातात येतात. अर्थात त्यासाठी काढलेल्या ४८ लाखांच्या कर्जाचा वीस वर्षांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी ४१,६५० च्या आसपास बसतो, म्हणजे भाडं सोडून महिन्याला २६ हजारांवर खिशातून. दोन्हीकडे दुखतंच. कुठे किती दुखेल ते आधी माहीत असावं, इतकंच.

राजूरला खरंच घर बांधून आईबाबांना ठेवायचं असेल, तर हा टक्क्यांचा हिशेब बराचसा बाजूला पडतो. मग पायाखालची पोकळी, धूळ, पाणी आणि दवाखाना किती लांब, हे आधी बघावं लागेल. गुंतवणूक म्हणून घेणार असाल, तर गावात गेल्यावर प्लॉटचा भाव विचारूच नका. चौकातल्या चहाच्या टपरीवर विचारा, खोली भाड्याने कितीला जाते आणि गेल्या वर्षी किती खोल्या रिकाम्या झाल्या? नंतर तलाठी कार्यालयात जा (आता कागदोपत्री 'ग्राम महसूल अधिकारी' म्हणायचं) आणि गट नंबर सांगून विचारा, या नंबरावर कोळशाची काही नोटीस आहे का? उत्तर देताना समोरचा थोडा थांबला, तर मामांना रात्री फोन करून टोकन पुढच्या महिन्यावर ढकलायला सांगा. माहिती अधिकाराचं उत्तर तोवर आलेलं असेल.